सुतळीच्या चौकटीत जैवविविधता

श्रावणातला शनिवार होता, सकाळची शाळा. चोपडा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची सहावी-सातवीची पोरं घेऊन मी शाळेमागच्या केळीच्या बागेत गेलो. प्रत्येक गटाकडे चार मीटर सुतळी आणि चार खुंट्या. काम सोपं होतं. जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट आखायची. आत जितक्या प्रकारची रोपं, गवतं दिसतील त्यांचं एकेक पान खुडायचं आणि वर्तमानपत्रावर मांडायचं. नावं यायलाच हवीत असं नाही. हे पान शेजारच्या पानापेक्षा वेगळं आहे का, एवढंच ठरवायचं.

बागेत पाच मिनिटांत सगळे मोकळे झाले. "सर, आठे त काहीच नही शे." कागदावर तीन पानं होती: लव्हाळा, केना आणि घोळ. मग तीच सुतळी बागेच्या बांधावर नेली. तिथं अर्धा तास झाला तरी एकही गट उठेना. हरळी, आघाडा, तरोटा, कुर्डू, माका, दुधी, काटेरिंगणी, गाजरगवत आणि अशीच आणखी काही, शिवाय कुणालाच नाव न येणारी दोन-तीन. मोजली तर चौदा भरली. तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, बाग तर बांधापेक्षा कितीतरी हिरवीगार आहे. मग असं कसं?"

याच प्रश्नासाठी मी त्यांना तिथं नेलं होतं. हिरवं असणं वेगळं आणि विविध असणं वेगळं. हा फरक पुस्तकातल्या व्याख्येनं समजत नाही, कारण व्याख्या पाठ करताना पोरांच्या डोळ्यांसमोर वाघ आणि घनदाट जंगल येतं. मग जैवविविधता म्हणजे लांबच्या अभयारण्यातली, टीव्हीवर दिसणारी गोष्ट, असा समज पक्का बसतो. आपल्या पायाखाली चौदा प्रकार उभे आहेत हे हातांनी मोजल्यावरच पटतं.

पण नुसते प्रकार मोजून भागत नाही. सोमवारी मी वर्गात दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत पन्नास-पन्नास दाणे, आणि दोन्हींत तेच पाच प्रकार: तूर, मूग, उडीद, चवळी, मठ. पहिल्या वाटीत प्रत्येकाचे दहा-दहा. दुसरीत तुरीचे ४६ आणि बाकी चौघांचा एकेकच. कोणत्या वाटीत विविधता जास्त? अर्धा वर्ग म्हणाला, सारखीच, पाच आणि पाच. मग डोळे मिटून दोन दाणे काढायचा खेळ सुरू झाला. दोन्ही वेगळे निघाले तर एक गुण, आणि दाणे परत वाटीत. पहिल्या वाटीवर बसलेल्यांचे गुण भराभर वाढले. दुसरीवाले तूर-तूर, तूर-तूर म्हणत वैतागले. हिशेब मांडला तर पहिल्या वाटीतून दोन वेगळे दाणे निघण्याची शक्यता शंभरात सुमारे ८२ येते, दुसरीतून शंभरात जेमतेम १५-१६. म्हणजे प्रकार किती हा एक प्रश्न, आणि त्या प्रकारांची वाटणी कशी आहे हा दुसरा. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडलेला निर्देशांक हेच मोजतो, आणि जंगलांचा अभ्यास करणारे तो आजही वापरतात. आमच्या सातवीनं तो डाळी-कडधान्यांवर शिकला. नंतर मी विचारलं, "आपला तालुका कोणती वाटी?" केळी आणि कपाशीच्या गावातल्या पोरांना उत्तर शोधावं लागलं नाही.

चौकटही एकदाच टाकून थांबू नये. बांधावर पंधरा पावलं पुढे दुसरी चौकट टाकली तेव्हा बहुतेक जुनीच पानं आली, नवी फक्त पाच. तिसरीत नवी दोन, चौथीत एक, पाचवीत एकही नाही. फळ्यावर आडव्या रेघेवर चौकटी आणि उभ्या रेघेवर एकूण प्रकार मांडले. रेघ आधी झरझर वर चढली आणि मग आडवी झाली. आडवी झाली याचा अर्थ, या बांधावरचे बहुतेक सगळे आपल्याला भेटून झाले. सगळं जंगल मोजता येत नसताना 'आता पुरे' कधी म्हणायचं, हे संशोधकही अशाच रेघेवरून ठरवतात.

आता नात्यांकडे वळू. यादी म्हणजे हजेरीपट. कोण कुणावर जगतं हे यादीतून दिसत नाही. त्यासाठी, मला विचाराल तर, रुईसारखा गुरू नाही. गावाबाहेर उकिरड्याजवळ, नाल्याकाठी, कुठंही ती उभी असते. शनिवारी मारुतीला तिचा हार जातो, म्हणून लहान पोरांनाही ओळखू येते. प्रत्येक गटानं एक रुई निवडायची आणि दोन महिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं तिच्यासमोर बसायचं. जो दिसेल तो वहीत. एकच सक्त नियम: पानं तोडायची नाहीत, कारण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट.

पहिल्या आठवड्यात पोरांना पानाखालचा पिवळा मावा दिसला. दुसऱ्या आठवड्यात त्या माव्याभोवती फिरणाऱ्या मुंग्या दिसल्या. मावा पानातला रस ओढतो आणि त्याच्या अंगातून गोड द्रव पाझरतो, तो चाटायला त्या येतात. मग माव्याला खाणारे ढालकिडे, नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेले. मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडा, इतका रंगीत की एका पोरानं तो प्लॅस्टिकचा समजून हात लावला. फुलांवर मोठा काळा भुंगा. रुईचे परागकण सुटे नसतात, ते चिमुकल्या पिशव्यांत बांधलेले असतात. भुंग्याचा पाय फटीत अडकला की पिशवी पायाला चिकटते आणि दुसऱ्या फुलापर्यंत प्रवास करते.

आणि एके दिवशी अळी. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या वळ्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. गटातली एक मुलगी पोटावर पडून तिच्याकडे बघत होती, नाक पानापासून वीतभर. तिनंच ओरडून सांगितलं, "सर, हाई पान खाई नही ऱ्हायनी, शीर कापी ऱ्हायनी!" आम्ही सगळे वाकलो. अळी पानाच्या मधल्या शिरेला देठाच्या बाजूनं कुरतडत होती. शिरेतून पांढरा चीक टपटपला. पान शेंड्याकडून थोडं मलूल झालं आणि मग ती सावकाश पुढे सरकून त्या उतरलेल्या भागाला लागली. चिकाची नळी आधी बंद करायची आणि मग जेवायला बसायचं. हे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत शिकवलेलं नव्हतं, कारण मी ते पाहिलेलंच नव्हतं. त्या अळीचं पुढे नारिंगी फुलपाखरू होतं, मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. रुईतला कडूपणा अंगात साठवून घेतल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून कडवा.

दोन महिन्यांनी फळ्याच्या मधोमध रुई काढली, भोवती सगळ्यांची नावं, आणि खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे रेघा. मग डस्टर हातात घेतलं. मुंगी पुसली तर? मावा उघडा पडतो, कारण मुंग्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. ढालकिडा पुसला तर? मावा माजतो. रुईच पुसली तर? भुंगा दुसऱ्या फुलांवर जाईल, मुंग्या दुसरीकडे गोड शोधतील. पण ही अळी रुई आणि रुईच्या भावकीतल्या झाडांवरच वाढते. तिचं बिऱ्हाड दुसरीकडे हलत नाही. कुणी कुठंही जगतो आणि कुणी एकाच दारावर अवलंबून असतो. झाड तोडताना पहिला वाचतो, दुसरा जातो. हे सांगायला मला भाषण करावं लागलं नाही, डस्टर पुरलं.

सगळ्यांत अवघड पायरी म्हणजे एकाच जातीच्या आतला फरक, कारण तो डोळ्यांना सहज दिसत नाही. मी वांग्यांपासून सुरुवात करतो. प्रत्येकानं घरून एक वांगं आणायचं. टेबलावर भरताचं हिरवट-पांढरं थोराड वांगं, जांभळं काटेरी, लांबट, गोल, असं सगळं जमतं. ही सगळी एकाच जातीची भावंडं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी वेगवेगळी बी राखून ठेवली, म्हणून घराण्यात एवढे चेहरे आहेत. जळगावच्या भरीत वांग्याला तर भौगोलिक मानांकनही आहे.

मग केळ. एक केळ आडवं कापून प्रत्येकाच्या हातात चकती द्यायची आणि मधले बारीक काळे ठिपके दाखवायचे. त्या न वाढलेल्या बिया. आपण खातो त्या केळीला रुजणारं बी नाही. तिची लागवड कंदापासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपापासून होते, आणि म्हणून बागेतली हजारो झाडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. आज आपल्याकडे सगळीकडे ग्रँड नैन. आजोबांच्या तोंडी अजून बसराई, श्रीमंती अशी नावं येतात, पण बसराईही ग्रँड नैनच्याच कॅव्हेंडिश घराण्यातली.

नकलांच्या बागेत रोग शिरला तर काय होतं, यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ. चोवीस मुलं मैदानात रांगांनी उभी, बागेतल्या झाडांसारखी. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या हातात हिरवी चिठ्ठी. कोपऱ्यातल्या एकाला 'हिरव्याचा रोग' लागला. मी टाळी वाजवली की रोगी मुलानं हात पुरेल त्या शेजाऱ्यांना शिवायचं. चिठ्ठी हिरवी असेल तर तोही खाली बसतो आणि पुढच्या टाळीला तोही शिवतो. सात-आठ टाळ्यांत मैदान बसलं. दुसऱ्या फेरीत सहा रंगांच्या चिठ्ठ्या, रोग तोच. दोन टाळ्यांत तो अडकला, कारण रोग्याच्या आजूबाजूला लाल, पिवळे, निळे उभे. कितीही टाळ्या वाजवल्या तरी बाकीचे ताठ.

हे खेळापुरतं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत आणि युरोपात जाणारी केळी 'ग्रो मिशेल' नावाच्या एकाच वाणाची होती. मध्य अमेरिकेतल्या मैलोन्‌मैल बागा पनामा रोगानं बसल्या आणि तो वाण निर्यातीच्या बाजारातून उठला. त्याची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आता त्याच रोगाची एक नवी जात कॅव्हेंडिशवरही चालून येते, आणि ती भारतातही सापडली आहे. कपाशीतही गोष्ट जवळपास तशीच. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली. थोड्याच वर्षांत शिवारात बीटीशिवाय दुसरं काही उरलं नाही, आणि गुलाबी बोंडअळीला त्या विषाची सवय झाली. बोंडअळीनं कपाशी खाल्लेला २०१७ चा हंगाम इथल्या कुणाला आठवत नाही? पूर्वी बियाण्याच्या पाकिटासोबत वेगळी येणारी बिगर-बीटी सरकी बांधाकडेनं लावायला का सांगायचे, हेही पोरांना याच खेळावरून सांगता येतं. तिथं वाढणाऱ्या अळ्यांना विषाची सवय नसते. त्यांची सवय झालेल्यांशी सरमिसळ होत राहिली, तर सवय पसरायला वेळ लागतो.

इथं एक प्रामाणिक खुलासा करायलाच हवा, कारण तो माझ्याकडून एका पालकांनी करून घेतला. ते बागेच्या कडेला उभे राहून आमचा खेळ बघत होते. त्यांची लहान रोपं मागच्या पावसाळ्यात सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे उपटून फेकावी लागली होती. म्हणाले, "गुरुजी, बांधावर तण ठेवा म्हणता, आणि त्याच तणावर मावा बसतो. तोच रोग आणतो ना?" बरोबर होतं त्यांचं. हा विषाणू माव्यामार्फत पसरतो, काकडीवर्गीय पिकांवर आणि केन्यासारख्या तणांवर तग धरतो. खेळातला रोग एकाच रंगाला ओळखत होता, हा अनेक पिकांवर जातो. मी त्यांना म्हटलं, काका, लहान रोपांच्या आसपासचं तण काढाच. पण दूरचा सगळा बांध तणनाशकानं जाळला तर ढालकिड्यांनी आणि मधमाश्यांनी राहायचं कुठं? कुठलं तण कुठं ठेवायचं, याला एका वाक्याचं उत्तर नाही. पोरांसमोर हे बोलणं झालं याचं मला समाधान वाटतं. निसर्ग म्हणजे सगळं गोड, असं शिकवलेलं पोर शेतात गेल्यावर पहिल्याच वर्षी ते विसरतं.

जातीजातींतला आणि जातीच्या आतला फरक झाला. तिसरा स्तर परिसंस्थांचा, म्हणजे जमीन, पाणी आणि तिथले जीव मिळून बनणाऱ्या जागांचा, आणि तो शिकवायला खानदेशात फार लांब जावं लागत नाही. तापीकाठची काळी गाळाची जमीन, हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारी बदकं, आणि उत्तरेला अंजन, सालई, पळस अंगावर घेतलेली सातपुड्याची उतरण. तीच सुतळी वर्षातून एकदा तिन्ही ठिकाणी टाका. यादीत किती नावं सारखी आली ते बघा, म्हणजे झालं. अभयारण्यात मात्र वनखात्याला विचारून जायचं आणि एक पानही खुडायचं नाही, तिथं चित्र काढायचं.

नोंद कशी करायची यावर मी फार कटकट करतो. तारीख, वेळ, जागा, कुणी पाहिलं, हे चार रकाने नसतील तर नोंद घेत नाही. पोरं कुरकुरतात. मग मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो, आणि ती इथलीच आहे. या छोट्या दिवसा वावरणाऱ्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केलं, तेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं खानदेशात या पक्ष्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर तो कुणालाच सापडेना. मध्ये फक्त एक नोंद होती: १९१४, गुजरातेतलं मांडवी, कर्नल माइनर्टझहागेन यांचा नमुना. शोध घेणारे त्या पत्त्यावर जाऊन हात हलवत परत यायचे. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना संग्रहालयांतले जुने नमुने तपासताना लक्षात आलं की ती नोंदच खोटी होती. नमुना डेव्हिडसनचा, संग्रहालयातून चोरून, आतलं भरण बदलून, जागा-तारखेची खोटी चिठ्ठी लावलेला. मग त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांच्या पत्त्यांवर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा त्यांच्यासमोर उघड्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी. एका खोट्या चिठ्ठीनं माणसं चुकीच्या रानात हिंडत राहिली आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी ती पक्ष्यापर्यंत पोचली. ही गोष्ट ऐकल्यावर तारखेचा रकाना रिकामा राहत नाही.

नावांचं मी शेवटी बघतो, आणि तेव्हा वर्गाची उतरंड उलटीपालटी होते. आमच्या वर्गात एक पावरा आदिवासी मुलगा आहे, पुस्तकी मराठीत चार वाक्यं बोलायला लाजतो. बांधावरच्या ज्या रोपांची नावं मला येत नव्हती त्यातल्या दोघांची त्यानं पावरीत सांगितली, वर कोणत्या दुखण्यावर त्याची आजी काय वापरते तेही. कटुर्ले, तरोटा, कुर्डू यांची भाजी कधी कोवळी असते, कधी खायची नाही, हे घरोघरच्या आज्यांना माहीत आहे. पोरांना चार प्रश्न लिहून द्यायचे आणि आजीकडे पाठवायचं. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पोरांना घेऊन ती वही बघायला जावं. तिच्यात नसलेली नावं पोरांच्या यादीत निघाली, तर समितीला ती रीतसर द्यावीत.

काही गोष्टी कोणत्याही उपक्रमाआधी सांगायच्याच. दगड हातानं उलटायचा नाही, काठीनं त्याची पलीकडची कड उचलायची, म्हणजे फट आपल्या विरुद्ध बाजूला उघडते, कारण आपल्याकडे विंचू आणि फुरसं दोन्ही आहेत. पाहून झालं की दगड होता तसा ठेवायचा, तो कुणाचं तरी छप्पर असतो. किडा डबीत घेतला तर दहा मिनिटांत जिथला तिथं सोडायचा. फवारणी झालेल्या शेतात त्या आठवड्यात पाऊल ठेवायचं नाही. आणि एका मोठ्या माणसामागे दहा-बारापेक्षा जास्त पोरं नेऊ नयेत.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा त्याच बांधावर, त्याच खुंट्यांच्या खुणांवर सुतळी टाकली. ऊन इतकं की साडेनऊलाच जमीन चटका देत होती. चौदांतले तीनच उरले होते: वाळलेली हरळी, आघाड्याच्या काटक्या आणि काटेरिंगणी. "बाकीची कुठं गेली सर?" मी उत्तर दिलं नाही. चौकटीतली वरची दोन बोटं माती खरवडून दोन परातींत भरली, शाळेच्या व्हरांड्यात सावलीला ठेवली, आणि रोज पाणी शिंपडायची पाळी लावली. पाचव्या दिवशी मातीला बारीक हिरव्या टाचण्या फुटल्या. दहाव्या दिवशी मोजल्या तर नऊ प्रकार. काही अजूनही उगवलेली नाहीत. सगळी बी एकाच पाण्याला उगवून एकाच उन्हात मरू नये म्हणून कित्येक बिया मातीत दोन-दोन पावसाळे दडी मारून राहतात. नऊपैकी सहा श्रावणातल्या यादीशी जुळली. उरलेल्या तिघांना सध्या दोन-दोनच पानं आहेत. त्यांच्याजवळ तारीख आणि जागा लिहिलेल्या चिठ्ठ्या खोचल्या आहेत, नावाचा रकाना मोकळा आहे, आणि मधल्या सुट्टीत पोरं आधी परातीकडे जातात, मग नळाकडे.